कुंपणाकडेचा टाकळा

सुकापूर, पनवेल
२७ मे

ती. सिप्पोराताईस,
शालोम.

तुझे कान गेले आणि माझा फोनचा खर्च वाचला, असं मी एलिशेवाला म्हटलं तर तुझी नात मलाच ओरडली. असो. पत्राचा फोटो पाठवतोय, ती मोठा करून छापून देईल. अक्षर नीट काढलंय. बँकेतली सही नाही ही.

बातमी अशी की अंगणात लॉन लावलं. हसू नकोस. नोव्हेंबरात तुम्ही सगळे एलिशेवाच्या बाळाला घेऊन येणार, तुझ्या नवसाचा मलिदा आपल्या अंगणात होणार, आणि तिथे काय तर खडी, माती आणि तुझ्या लाडक्या भावजयीने, रिबकाने, लावलेल्या दोन जास्वंदी. ती गेल्यापासून तिकडे कोणी बघितलंच नाही. एलिशेवाने तुमच्याकडच्या बागेचे फोटो पाठवले तेव्हाच मी मनात घेतलं. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोह्या-खोबऱ्याचं ताट मांडायचं ते हिरव्यागार जागेत मांडायचं.

कामोठ्याचा निकेश म्हणून एक पोरगा आहे, लॉनचं सगळं बघतो. त्याच्या व्हॉट्सॲपवरचे फोटो बघशील तर डोळे निवतील. वर्षभराचं पॅकेज घेतलं. कापणं, खत, पाणी, साफसफाई, सगळं त्यात. आधी नर्सरीवाले एक गृहस्थ येऊन गेले होते, पण ते फारच प्रश्न विचारत बसले. ऊन किती, पाणी कुठे जातं, घरात लहान मुलं आहेत का, शेजारी कोण. मला हिरवळ हवी होती, मुलीला स्थळ बघत नव्हतो. निकेशने एक प्रश्न विचारला नाही, चौथ्या दिवशी गवताच्या गाद्या आणून अंथरल्या.

वेणूबाय भिंतीवरून मान काढून सगळं बघत होती. म्हणते, "दादा, आमी जल्मभर शेतातना गवत उपटून टाकलं, नि तुमी पैसं देऊन लावताव?" हसून हसून तिला ठसका लागला. मलिद्याचे पोहे मात्र तीच देणार आहे. जमीन गेली तरी कुठून कुठून चांगलं भात मिळवते आणि पोहे कांडून आणते. आई होती तेव्हापासूनची रीत तिने मोडली नाही.

तब्येतीला जप. बाळाचा फोटो पाठव.

तुझा,
मनासे


अश्दोद, इस्रायल
१ जून

चि. मनासे,
शालोम आणि खूप आशीर्वाद.

कानांची थट्टा पोचली. डोळे अजून शाबूत आहेत, म्हणून फोटो नीट बघितला. गवत छान आहे, पण फार आखूड कापलंय. उन्हाळ्यात असं भादरलं तर मुळं उघडी पडतात. तुझे मेहुणे तीस वर्षं नगरपालिकेच्या बागा सांभाळायचे आणि मी तीस वर्षं जेवताना गवताच्या गोष्टी ऐकल्या. त्यातलं थोडं तुझ्या कामी येऊ दे.

त्या निकेशला विचारलंस का की पॅकेजमध्ये काय काय मारणार? खत कुठलं, औषध कुठलं, त्याचं नाव काय, फवारल्यावर किती दिवस अंगणात पाय ठेवायचा नाही? कागदावर काही लिहून दिलंय का? त्याने आधी ज्यांच्याकडे काम केलं त्यांच्याकडे जाऊन एकदा तरी बघितलंस का, का नुसते फोटो? आणि तो प्रश्न विचारणारा नर्सरीवाला तू हाकललास, तिथेच मला कसंसं झालं. तुझे मेहुणे म्हणायचे, जो माणूस तुमच्या घरात मूल आहे का विचारत नाही, त्याच्या हातात औषधाचा डबा देऊ नये.

रागवू नकोस. तुला व्यवहार कळतो, चाळीस वर्षं लोकांचे पैसे सांभाळलेस. पण गवत ही बँक नव्हे.

वेणूला माझा नमस्कार सांग. ती नवी नवरी होऊन शेजारी आली तेव्हा मी चोवीस वर्षांची घोडी, आणि मला साधी मेथी ओळखता यायची नाही. तिने मला पावसाळ्यातला टाकळा दाखवला. पान चुरगळून नाकाशी धरायला लावलं, संध्याकाळी त्याची पानं मिटतात ते दाखवायला कुंपणापाशी नेलं. इथे कुठे टाकळा मिळणार? पण तो वास मला अजून येतो.

तुझी ताई,
सिप्पोरा


सुकापूर
१९ जून

ती. ताईस,

तुझी प्रश्नपत्रिका मिळाली. निकेशला विचारलं. तो म्हणाला, "अंकल, टेन्शन नका घेऊ, सगळं ऑरगॅनिक." झालं समाधान? कागद वगैरे नाही, आजकाल कोण कागद करतं. एकदा शब्द दिला की झालं. आता प्रत्येक डब्याचं नाव विचारत बसलो तर पोरगा काम टाकून जाईल आणि मला नोव्हेंबरच्या आत दुसरा मिळायचा नाही. उलव्यात आणि इकडे जो तो बंगले बांधतोय, माळ्यांना भाव आलाय.

एक गोष्ट तुला सांगणार नव्हतो, पण एलिशेवाच्या फोटोतून तू ती हुडकशीलच. त्यांचे कामगार शनिवारी येतात, ऐन शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी. बाकीचे वार कामोठ्याच्या सोसायट्यांना दिलेले. आता ओरडू नकोस. मी त्यांना शनिवारी या म्हटलेलं नाही, वार त्यांनी दिला. काम वर्षाचं ठरलेलं, वेळ त्यांची. मी शब्बाथला त्यांना एक शब्द सांगत नाही, हे कर, ते करू नको, काही नाही. बघतसुद्धा नाही. मागच्या खोलीत अंगणाकडच्या खिडक्या लावून प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसतो. कायदा मोडला असं म्हणता येणार नाही.

निकेशला खरं कारण सांगता आलं असतं. पण किती जणांना सांगायचं गं? आपण यहुदी असं सांगितलं की विचारतात, "म्हणजे ख्रिश्चन ना?" नाही म्हटलं की, "मग पारशी?" आता कंटाळा आलाय. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना फोनाफोनी करावी लागते, आणि मी लॉनवाल्याला शब्बाथ समजावत बसू?

गवत झकास आहे. सकाळी अनवाणी चालतो. रिबका असती तर म्हणाली असती, एवढी मेहनत स्वयंपाकघरात कर.

मनासे


अश्दोद
२३ जून

चि. मनासे,

कायदा मोडला नाहीस. कबूल. पण तुझ्या अंगणात तुझ्या पैशाने काम चाललंय आणि तू खिडकी लावून बसतोस, हे शब्बाथ पाळणं आहे की न बघण्याची सोय, ते तूच ठरव. मी काही रब्बी नाही, धर्माचा निवाडा द्यायला.

त्याला फोन कर आणि वार बदल. शुक्रवारी सकाळी येऊ दे, नाहीतर सोमवारी. आणि तू बाहेर उभा राहा. पोर नाराज होईल एवढंच ना?

सिप्पोरा


सुकापूर
२४ जुलै

ती. ताईस,

महिनाभर लिहिलं नाही. वार बदलायचं राहून गेलं, तेही आधीच सांगतो. मन ठिकाणावर नाही.

वेणूबाय आणि तिची नात मनस्वी, दोघी इस्पितळात होत्या. आता घरी आल्यात, मनस्वी शाळेतही जायला लागली, पण वेणूबायच्या मूत्रपिंडावर परिणाम झालाय म्हणतात. आठवड्याला तपासणी आहे. ती एकदम वाळून गेलीय.

झालं असं. त्या शनिवारी ढग होते, भुरभुर पाऊस. लॉनवाले दुपारीच निघून गेले होते. मी मागच्या खोलीतच होतो, शब्बाथ अजून सुटला नव्हता. संध्याकाळी कुंपणाकडून वेणूबायची हाक आली, "दादा, टाकला घेऊ काय? कोवला हाय." दरवर्षी घेते ती. आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात, टाकळा उगवायला आमच्या भिंतीकडेची पट्टीच तेवढी उरलीय. मी खिडकी न उघडता आतूनच ओरडलो, "घे, घे! विचारतेस काय!" तिने पदरात भरून नेला. रात्री भाजी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. तिचा मुलगा भावेश उलव्याला साइटवर होता, सून अंकिता रानभाजी खात नाही. आजी आणि नात जेवल्या. तोंड भाजल्यासारखं झालं म्हणे, मग उलट्या, आणि पहाटे दोघींना न्यावं लागलं.

सगळे म्हणतात म्हातारीने चुकून भलतंच काही उपटलं. डॉक्टरांनीही तसंच धरलं, रानातलं काहीतरी विषारी पोटात गेलं म्हणून. अंकिताने आता तिला चुलीपाशी जायला बंदी केलीय. भावेश आईवर ओरडला तो मला भिंतीपलीकडून ऐकू आला. "आये, दिसत नाय तं कशाला जातंस? पोर मेली असती माजी!" सत्तर वर्षांची बाई, जिने अख्ख्या गावाला भाज्या ओळखायला शिकवल्या, ती खाली बघत बसली होती. मला बघवलं नाही, मी आत आलो.

त्यात निकेशने वेगळाच घोळ घालून ठेवलाय. कुंपणाच्या कडेकडेने हातभर रुंद पट्टा करपलाय, पिवळा पडून तपकिरी. जास्वंदींची पानंही गळली. बहुतेक मशीनमधलं तेल सांडत सांडत गेले असणार. फोटो पाठवतोय. मलिद्यापर्यंत नवं गवत लावून घेईन, काळजी करू नकोस.

तू वेणूबायसाठी प्रार्थना कर.

मनासे


अश्दोद
२५ जुलै

मनासे,

फोटो बघितला. एलिशेवाला दोनदा मोठा करून छापायला लावला.

तेल असं सरळ रेघेत सांडत नाही. तेल ठिपक्याठिपक्यांनी सांडतं. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातभर पट्टा करपतो तो फवारल्याने. गवताच्या कडेने काही उगवू नये म्हणून तणनाशक मारतात. शनिवारी सकाळी मारलं. संध्याकाळी वेणूने त्याच पट्ट्यातला टाकळा खुडला. पावसाची भुरभुर होती, पानं ओली असली तरी तिला काय कळणार? तिने चुकीचं काही उपटलं नाही. वेणू टाकळा ओळखायला चुकेल? ती आंधळी झाली तरी वासाने ओळखेल.

तू दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्यास, एकीखाली एक, आणि तुला दिसलं नाही? का तू हीसुद्धा खिडकी लावून घेतलीस?

आज, आत्ता, निकेशला धर आणि औषधाचं नाव घे. ते नाव डॉक्टरांना सांग. मूत्रपिंडाचा प्रश्न आहे, त्यांना कळलंच पाहिजे पोटात काय गेलं. आणि मग वेणूच्या घरी जा.

सिप्पोरा


सुकापूर
६ ऑगस्ट

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर अंगणात गेलो नाही. दुसऱ्या दिवशी निकेशला बोलावलं. तो हसत हसत आला. म्हणाला, "हो अंकल, एजिंग क्लीन केलं, कडेचं तण मारलं. पॅकेजमध्येच आहे." औषधाचं नाव विचारलं तर म्हणे ऑरगॅनिक. मी आवाज चढवला, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा. मग गाडीतून एक कॅन काढला, त्यावरचं लेबल फाडलेलं. शेवटी ज्या दुकानातून आणलं त्याचं नाव सांगितलं. मी दुकानात गेलो. दुकानदाराने मला विचारलं, "कोणाच्या घराशी मारलं हे? हे शेताच्या बांधाला मारतात, तेही माणसं हटवून."

नाव कागदावर लिहून घेतलं आणि डॉक्टरांना एकटाच भेटलो. त्यांनी ताबडतोब वेणूबायच्या तपासण्या बदलल्या, फुप्फुसाचा फोटोही काढायला लावला. म्हणाले, बरं झालं सांगितलंत, थोडक्यात निभावलंय पण वर्षभर लक्ष ठेवावं लागेल. मग विचारलं, "घरच्यांना माहीत आहे?" मी म्हटलं, सांगतो.

निकेशचं काम बंद केलं. जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं, ताई. आता वेणूबायला योग्य औषध मिळतंय. आणखी सांगून काय वेगळं होणार आहे? भावेशला तू ओळखत नाहीस. त्याची माणसं आहेत, तापट आहे. पोलीस, पंचनामा, आणि मी इथे एकटा. आपल्या बापाने ही जागा त्याच्या आजोबांकडून घेतली, तेव्हापासून भिंत एक आहे. रिबका गेली तेव्हा महिनाभर या घरातून मला जेवण आलं. ते सगळं एका वाक्याने मोडायचं का? थोडे दिवस जाऊ देत.

मनासे


अश्दोद
९ ऑगस्ट

मनासे,

डॉक्टरांना सांगितलंस ते बरं केलंस. त्याबद्दल देव तुझं भलं करो.

पण डॉक्टरांना कळलं, दुकानदाराला कळलं, निकेशला कळलं, मला हजारो मैलांवर कळलं. जिने खाल्लं तिलाच तेवढं माहीत नाही. ती अजून समजते की नातीला विष तिने घातलं.

मी याच्यापुढे काही लिहिणार नाही.

सिप्पोरा


सुकापूर
१२ सप्टेंबर

ती. ताईस,

तू खरंच लिहिलं नाहीस. एलिशेवाला फोन केला तर म्हणाली, "आजी म्हणते मामाआजोबांचं पत्र आधी येऊ दे." म्हणून लिहितो.

काल भाजीवाला फाटकाशी थांबला होता. वेणूबाय तिच्या ओट्यावर बसली होती, आजकाल दिवसभर तिथेच असते. उठून हळूहळू माझ्याकडे आली. हातात कोथिंबिरीची जुडी. माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "दादा, जरा बगा. ही कोथमीरच हाय ना?"

मला वाटलं थट्टा करतेय. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, थट्टा नाही.

ताई, तिने मला कोथिंबीर विचारली. मला, ज्याला मेथी आणि शेपू एकच वाटतात. मी मान हलवली, हो म्हटलं. तिने जुडी नाकाशी धरली, हुंगली, आणि तरी पुन्हा विचारलं, "नक्की ना?" आत जाऊन अंकिताला दाखवायची होती म्हणे, स्वयंपाकाला नव्हे, नुसती आणून द्यायची होती. मनस्वी ताटात हिरवं काही दिसलं की आधी आईकडे बघते आणि मग खाते. हेही तिनेच सांगितलं. म्हणाली, "पोरीचं बरोबर हाय. माजा भरोसा मनाच नाय उरला."

बोलायची वेळ तीच होती. ती समोर होती, भाजीवाला निघून गेला होता, भावेश घरात नव्हता. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी विचारलं, "गोळ्या घेतेस ना वेळेवर?" ती हो म्हणाली आणि गेली.

मी भित्रा माणूस आहे. तुला हे आधीच माहीत असणार, मला आता कळलं. मला वाटायचं मी नियमाने वागणारा माणूस आहे. रात्र रात्र झोप नाही. अंगणात गवत गुडघ्याएवढं वाढलंय, मधे मधे पिवळे चट्टे पडलेत, आणि कडेचा तो पट्टा तसाच आहे. भर पावसाळ्यात तिथे काही म्हणता काही उगवलं नाही.

काहीतरी लिही. शिव्या दे, पण लिही.

मनासे


अश्दोद
१५ सप्टेंबर

चि. मनास,

तुला लहानपणी मनास म्हणायची मी. आज तेच लिहावंसं वाटलं.

शिव्या देणार नाही. पत्र वाचून रडले. एलिशेवा घाबरली, तिला वाटलं तिकडे कोणी गेलं.

दारफाळणीचा सण जवळ आलाय. इथे सगळे त्याला किप्पूर म्हणतात, मी अजून आपल्या आईचंच नाव घेते. आठवतं ना आपल्या घरी कसं असायचं? पांढरे कपडे, उपास, दारं लावून दिवसभर आत. शेजारचे कोणी हाकही मारायचे नाहीत. आणि त्याच्या आदल्या दिवशी आई आपल्याला घेऊन घराघरात जायची. ज्यांच्याशी भांडण झालं, ज्यांना उणंदुणं बोललो, त्यांच्या पाया पडून माफी मागायची. फक्त आपल्यातल्यांच्या नव्हे. वेणूच्या सासूशी आईचं विहिरीवरून वाजलं होतं, तेव्हा ती तिच्याही दारात गेली होती. मी सोबत होते, माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मी विचारलं, देवाकडेच मागायची ना माफी, मग इथे कशाला? आई म्हणाली, देवाचं जे केलं ते देव माफ करील. माणसाचं केलं ते माणसाकडेच मागावं लागतं, ते देवाच्या हातात नाही.

तू भावेशला घाबरतोस, पोलिसांना घाबरतोस. घाबर. घाबरत घाबरत जा. शेजार मोडेल म्हणतोस. मोडेलही. पण तो शेजार आता कशावर उभा आहे, ते बघ. वेणूने स्वतःला खोटं ठरवलंय म्हणून तुझं घर शांत आहे.

दार लावून घेण्याआधी एकदा दाराबाहेर पड. एवढंच सांगते.

मलिद्याचं नंतर बघू. तिकिटं काढलेली आहेत, पण नवस मी कुठेही फेडू शकते. तू तिथे गेलास की नाही, ते कळल्याशिवाय मी त्या अंगणात ताट मांडणार नाही.

तुझी,
ताई


सुकापूर
सणानंतरचा तिसरा दिवस

ती. ताईस,

गेलो होतो. सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी.

मुद्दाम सगळे घरी असताना गेलो. एकटीला गाठून सांगितलं असतं तर ती कोणाला काही बोलली नसती, हे मला माहीत होतं, आणि तेच मला सोपं गेलं असतं. भावेश जेवत होता. अंकिता वाढत होती. मनस्वी अभ्यास करत होती. वेणूबाय दाराशी पाटावर. मला बसा म्हणाले. मी उभाच राहिलो. बसलो असतो तर पुन्हा उठलो नसतो.

मी सांगितलं. लॉनवाल्याने सकाळी कुंपणाकडेला विष मारलं, मी खिडकी लावून बसलो होतो, काय मारतात ते मी कधी विचारलं नाही, आणि संध्याकाळी, वेणूबाय, तू विचारलंस तेव्हा न बघता घे म्हटलं. ऑगस्टपासून मला माहीत आहे, डॉक्टरांनाही मी सांगितलंय, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. औषधाचं नाव लिहिलेला कागद भावेशच्या ताटाशेजारी ठेवला. माझी चूक आहे, मला माफ करा म्हटलं, आणि वेणूबायच्या पाया पडायला वाकलो.

तिने पाय मागे घेतले. मग म्हणाली, "म्हंजी टाकलाच व्हता?"

मी म्हटलं, "हो वेणूबाय. टाकळाच होता."

"मी नीट वलखला व्हता?"

"अगदी नीट."

ताई, तिने अंकिताकडे बघितलं. अंकिताच्या हातातली वाटी तशीच राहिली. मग वेणूबाय भिंतीला हात टेकून उठली, सुनेला बाजूला करून चुलीपाशी गेली आणि भातावरचं झाकण काढून बघितलं. मनस्वी रडायला लागली. मला वाटलं आता झालं, आता ती मला पाणी विचारेल.

पाठमोरीच म्हणाली, "दोन म्हैनं." आणि मग वळली. तिला इतकं चिडलेलं मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. "दोन म्हैनं मी सोताला शिव्या दिल्या. पोरीला हात लावाया भीत व्हते. तुमाला कोथमीर दावली मी! तवा बी नाय बोललाव? जा तुमी. जा घरी." भावेश ताटावरून उठला होता. त्याने माझा दंड धरला. मला वाटलं मारणार. पण त्याने मला दारापर्यंत आणलं आणि सोडलं. म्हणाला, निकेशवर तक्रार करणार, तुम्ही साक्षीला यायचं. मी येतो म्हटलं. परवा पोलीस चौकीत जाऊन सगळं लिहून दिलंय, माझ्या चुकीसकट.

दारफाळणीला दिवसभर दारं लावून उपास धरला. या वेळी अंगणाकडची खिडकी मात्र उघडी ठेवली. तो पट्टा दिसत होता.

तिने माफ केलं नाही. ते तुला स्पष्ट सांगतो. पोहे येणार नाहीत, अंकिताने फाटकातूनच तसा निरोप दिला. पोहे बाजारातून आणीन. आपल्या अंगणात ताट मांडायचं की सिनेगॉगमध्ये, ते तू ठरव. मला विचारशील तर अंगणात मांड. गवत मी काढून टाकतोय, आता तिथे नुसती माती असेल.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मी फाटकाशी उभा होतो. वेणूबाय रस्त्याच्या पलीकडून येत होती, काठी टेकत. नव्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेली असणार. पदराचा ओचा केला होता आणि त्यात घोळीची भाजी भरली होती, देठ बाहेर आले होते. मनस्वी बरोबर होती. ती एक काडी हातात धरून विचारत होती, आजी ही पण चालते का, आणि वेणूबाय तिला पान चुरगळून नाकाशी धरायला लावत होती.

माझ्या फाटकासमोरून गेली. मी हाक मारली नाही. तिने मान वळवली नाही, एकदाही नाही. भाजी घेऊन सरळ आपल्या घरात गेली.

मी तिथेच फाटक धरून रडलो, ताई. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तुझा,
मनास